मी थांबवलेला ढोल

अम्मा, तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि लिहायला बसले ती आज, शाळेच्या वह्या तपासायच्या सोडून. धुळ्याच्या या शाळेत मी गाण्याची बाई आहे, ऐकलंस का? पेटी वाजवते, मुलींकडून प्रार्थना बसवून घेते. आपल्या घरातलं एकही गाणं मात्र तोंडून निघत नाही. पहिली ओळ आठवते आणि मी पेटीवर दुसरंच काही वाजवू लागते.

भुसावळचं आपलं अंगण दिसतं. गुरुवारची दुपार, ऊद जळतोय. तू गातेस ते शब्द आपल्या सिद्दी पूर्वजांनी समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आणलेले. अर्थ तुलाही ठाऊक नाही, पण एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाहीस. तुझा आवाज जाडाभरडा, थेट पोटातून येणारा. तसा मी पुन्हा ऐकला नाही. मोठ्या ढोलावर मी, शाळकरी पोर. मावशीच्या अंगात पीर येतो, ती घुमू लागते. आपला नियम एकच: अंगात आलेलं माणूस शांत होऊन खाली बसेपर्यंत गाणं थांबवायचं नाही, नाहीतर ते तिकडंच अडकतं. तेवढ्यात रेल्वेचा मुकादम फाटकातून ओरडला, "साहेबनी मडमले ताप शे! बठ्ठं बंद करा, आत्तेच!"

मी ढोलावरून हात उचलला.

"बजाव, पोरी," तू दोन ओळींच्या मध्ये म्हणालीस. मी वाजवला नाही. मग मांडीवर थाप मारत तू एकटीच गात राहिलीस. मुकादम धमक्या देऊन निघून गेला, ऊद विझला, मावशी काही थांबेना. ढोलाशिवाय तिला परत यायची वाट सापडत नव्हती, आणि तिला तशी टाकून तुला गप्प बसता येत नव्हतं. ती खाली बसली तेव्हा तुझा आवाज पार गेला होता. हकीम झाले, काढे झाले. आवाज परत आला नाही. तू रागावली असतीस तर मी सुटले असते गं. तू जेवायला वाढलंस, आणखी भाकरी हवी का, ते खुणेनं विचारलंस.

सगळे म्हणाले, पोर मुकादमाला घाबरली. मीही तेच सांगत आले. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकणार, म्हणून खरं लिहिते. मुकादमाची मला भीती नव्हती. त्याच्या मागून माझ्या वर्गातल्या दोन मुली डोकावून हसत होत्या. तुझी मुलगी म्हणवून घ्यायची मला लाज वाटली, अम्मा.