चेस्टरच्या दोन जागा आणि चौदावा नंबर

विस्कॉन्सिन, ३ मे

प्रिय लोरेन,

चौथीत असताना मधल्या सुट्टीत खेळायला आपण गडी वाटून घ्यायचो, ते तुला आठवतं का? सिस्टर अल्फोन्सा शिट्टी घेऊन पायरीवर उभी असायची. काल जो गट हरला त्याने आज पहिलं नाव घ्यायचं, असा तिचा नियम होता. मी रोज शेवटी उरायचे. पायाला प्लास्टर असलेली पेगी हॅलोरनसुद्धा माझ्याआधी जायची. आणि एके दिवशी पहिलं नाव घ्यायची पाळी तुझ्यावर आली, तेव्हा तू कुणाकडे न बघता माझं नाव घेतलंस. आपण अकरा-शून्य हरलो. तू असं का केलंस, हे साठ वर्षांत मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. फक्त गेल्या आठवड्यात आठवलं.

तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हाने हाडं शेकून निघतात असं तू लिहितेस, ते खरं असावं. इथे गॅरेजच्या सावलीत बर्फाची एक काळी ढेप अजून मुक्काम ठोकून आहे. मी बरी आहे. देवाच्या दयेने भूक लागते, झोप येते, आणि जिना चढताना दम लागला तर मी खिडकीतून बाहेर बघायला थांबले आहे असं दाखवते. (आधी समोरच्याची तब्येत, मग आपली, मग हकिकत, आणि मागणं असलंच तर ते कधीही पहिल्या पानावर नाही, ही सिस्टरची शिकवण मी अजून मोडलेली नाही.)

तर हकिकत. चेस्टर गेल्यानंतरचा हा पहिलाच ड्राफ्ट, म्हणजे फुटबॉलच्या संघांनी नवे गडी वाटून घ्यायचा सोहळा. तू आता वाळवंटात राहतेस, तेव्हा कदाचित विसरली असशील, म्हणून सांगते: सिस्टरचा तो नियम या लोकांनी जसाच्या तसा उचलला आहे. गेल्या वर्षी जो संघ सगळ्यात जास्त हरला, त्याने कॉलेजातल्या नव्या पोरांपैकी पहिलं नाव घ्यायचं, मग पुढच्याने, असं करत. फरक एवढाच की सिस्टरला हे सगळं दोन मिनिटांत उरकता यायचं आणि इथे तीन दिवस लागतात. आपल्या संघाचा नंबर यंदा चौदावा होता. (हातात धरून पळायच्या चेंडूच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात, असं सिस्टर मरेपर्यंत विचारत होती. तिला कुणी उत्तर दिलं नाही.)

दर वर्षीप्रमाणे सगळे आमच्या तळघरात जमले. चेस्टरचा धाकटा भाऊ स्टॅन, माझा जेराल्ड, आपल्या चर्चचे फादर लिओ आणि माझी मोठी नणंद जेनेव्हीव्ह, जी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला जे ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं. यंदा वातावरण जरा तापलेलं होतं, कारण प्रश्न चेस्टरच्या दोन जागांचा होता. मैदानातल्या त्या दोन कायमच्या राखीव जागांसाठी त्याच्या बापाने एकोणीस वर्षं यादीत नाव लावून वाट पाहिली होती. आपल्या गावात माणसं घर कुणाला द्यायचं हे मृत्युपत्रात एका ओळीत लिहितात आणि सामन्याच्या जागा कुणाला, यासाठी वकील करतात, हे तुला मी सांगायला नको. चेस्टरने काहीच लिहून ठेवलं नव्हतं. दफनाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये हॅमचं सँडविच हातात धरून स्टॅनने मला मिठी मारली आणि म्हणाला, "वहिनी, फार वाईट झालं. जागांचं काय ठरवलंयस?" जेराल्डने निदान सँडविच खाऊन होईपर्यंत धीर धरला. जूनच्या पंधरा तारखेच्या आत संघाच्या कचेरीला नाव कळवायचं आहे. तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं की चौदाव्या नंबरवर आपला संघ काय करतो हे ज्याच्या चिठ्ठीत बरोबर निघेल, त्याचं नाव मी कळवीन. चिठ्ठ्या चेस्टरच्या बोलिंगच्या पिशवीत टाकायच्या. मला स्वतःला त्या गार पत्र्याच्या बाकड्यात काय रस असणार, असं मी म्हटलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

लोरेन, त्या संध्याकाळी जी चर्चा झाली तशी पोप निवडतानाही होत नसेल. स्टॅनला एक तीनशे पौंडांचा पोरगा हवा होता, ज्याचं काम फक्त मधे उभं राहणं. "मान बघ त्याची. बैलाची मान आहे. मान असली की बाकीचं आपोआप येतं." जेराल्डने लॅपटॉप उघडला. "काका, मानेचा काय संबंध? हे आकडे बघा जरा." "आकडे पळत नाहीत, जेरी." "तुमचा बैल तरी कुठे पळतोय?" चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काम केलेल्या या स्टॅनला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात, पण एकवीस वर्षांच्या पोराच्या डाव्या घोट्यातली खोट त्याला टीव्हीवरून दिसते. आणि माझ्या पोटच्या मुलाला स्वतःच्या लेकीच्या बुटाचा नंबर सांगता येणार नाही, पण टेक्ससमधल्या एका परक्या मुलाचा पंजा किती इंच रुंद आहे हे तो पाव इंचापर्यंत सांगतो. (ती पोरं चड्डीवर उभी करून मोजलेली दाखवतात, गुरांच्या बाजारात दाखवतात तशी. मला दर वर्षी वाटतं, कुणीतरी त्यांना स्वेटर द्यावा.) फादर लिओंचा उमेदवार अर्थातच कॅथलिक कॉलेजातला. ते शांतपणे म्हणाले की मुलगा रविवारी न चुकता मिस्साला जातो. स्टॅन म्हणाला, "फादर, सामना दुपारी असतो. तुम्ही सकाळचं काय सांगता?" फादरांनी त्याच्या ताटातलं शेवटचं ब्राटवुर्स्ट सॉसेज उचललं आणि तो विषय संपवला.

चिठ्ठ्या पिशवीत पडल्या. तेरा नावं झाली. जेराल्ड उभा राहिला, स्टॅनलाही उभं राहायचं होतं पण कुणी हात दिला नाही. आणि टीव्हीवरचा तो गुळगुळीत माणूस हसत सांगायला लागला की आपल्या संघाने चौदावा नंबर दुसऱ्याच संघाला देऊन टाकला आहे आणि त्या बदल्यात दुसऱ्या दिवशीचे दोन नंबर घेतले आहेत. म्हणजे चार महिने भांडून, कोष्टकं काढून, माना मोजून, आपल्या वाट्याला कुणीच आलं नाही. मग फादरांनी चिठ्ठ्या वाचल्या. बैलाची मान, चुकीची. रुंद पंजा, चुकीचा. मिस्सावाला, चुकीचा (फादरांनी हे जरा हळू वाचलं). चौथी चिठ्ठी जेनेव्हीव्हची: "कुणालाही घेणार नाहीत. नंबर देऊन टाकतील."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. तिने विणकाम खाली ठेवलं. "मग? मी कधीपासून सांगतेय," ती म्हणाली. सबंध संध्याकाळ तिने दोनदा मोहरीची चटणी मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. "आत्या, उणे पंधरात बसशील तिथे?" जेराल्डने विचारलं. तिला ते ऐकू आलं नाही.

तेव्हापासून तिची चैन आहे. दुसरी जागा मिळावी म्हणून स्टॅनने तिच्या छताची पन्हळ साफ करून दिली. शिडीवरून उतरायला अग्निशमन दलाचा माणूस बोलवावा लागला. जेराल्ड एक दिवसाआड तिला बदामाचा केक नेऊन देतो आणि पुढच्या वर्षी संघ काय करेल हे विचारतो. ती सांगते, आणि तो लिहून घेतो.

बाकी सर्व ठीक. प्रार्थनेत माझी आठवण ठेव.

तुझी,
बर्नाडेट

ता. क. वर एक गोष्ट राहिली. चिठ्ठ्या लिहायच्या वेळी जेनेव्हीव्हने तिचा कागद माझ्याकडे सरकवला आणि कानात म्हणाली, "तूच लिही गं काहीतरी, मला जेवू दे." तेव्हा ती चिठ्ठी माझी. सिस्टरने पट्टी मारून घडवलेलं माझं तिरकं अक्षर तू शंभर फुटांवरून ओळखलं असतंस. स्टॅनला चाळीस वर्षं वाढदिवसाची कार्डं मी याच अक्षरात लिहिते आहे, आणि जेराल्डला तर अक्षरं मीच शिकवली. दोघांनी ती चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट बघितली. हे पाप आहे की नाही, हे फादर लिओंना विचारता येत नाही, कारण ते स्वतः हरले आहेत. दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन कबुली देऊन येईन.

ता. क. २. मला कसं कळलं, असं तू विचारशील. संघ नंबर देऊन टाकतो त्या वर्षी भांडण लांबतं आणि मला चीज-बटाट्याचा दुसरा ट्रे भाजावा लागतो. पाककृतीच्या कार्डामागे मी तशी खूण करून ठेवते. बारा वर्षांत आठ खुणा आहेत. एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही, नाहीतर सांगितलं असतं.

ता. क. ३. एकेचाळीस वर्षांत चेस्टरने मला नऊ वेळा सामन्याला नेलं. बाकीच्या वेळी स्टॅनला नेलं, कारण "बर्नी, तुला थंडी सोसायची नाही." मला थंडी सोसते. मी ते कधी म्हटलं नाही, एवढंच. जेनेव्हीव्हशी माझं ठरलं आहे: कचेरीला नाव माझंच जाईल. सप्टेंबरचा पहिला सामना, उन्हातला, तो तिचा. बाकीचे सगळे माझे. दुसऱ्या जागेसाठी मी पहिलं नाव तुझं घेते आहे. गुडघ्याची सबब चालणार नाही, पेगी प्लास्टर घालून खेळायची. डिसेंबरात ये. चेस्टरच्या सामन्याच्या सामानाची वाटणी अशी: गळका थर्मास स्टॅनला. दुर्बीण जेराल्डला, तिच्या एकाच डोळ्यातून दिसतं पण त्याला तेवढं पुरेल. बसायची गादी फादर लिओंना, ते उपदेश लांबवतात तेव्हा त्यांच्याच कामाला येईल. चेस्टरचा शिकारीचा नारिंगी कोट तू घालायचास. त्याच्या डाव्या खिशातल्या पेपरमिंटच्या अर्ध्या पुडीला मात्र हात लावू नकोस, ती माझी.