उजवी दाढ आणि इंदूरवरचा अन्याय

१८ ऑगस्ट १९५७, दुपार

उजवीकडची खालची दाढ काढली. पलासियाला डॉ. रेगे म्हणून नवे आले आहेत, त्यांच्याकडे. पोरगा मुंबईला शिकला आहे, पण हातात दम नाही. दाढ तुकडे करून काढावी लागली. मी तोंडातून आवाज काढला नाही. सौ. म्हणते, बाहेर बाकावर बसलेली बाई तुमचा आवाज ऐकून मुलाला घेऊन पळाली. बायकांना अतिशयोक्तीची सवय.

डॉक्टरांनी बजावले की जखमेत रक्ताची गाठ धरेल, ती जपा. आज चूळ भरू नका, तंबाखू नको, आणि बोलणे अगदी कमी. तोंडात कापूस असतानाच मी त्यांना वक्त्याच्या आयुष्यात बोलण्याचे काय स्थान आहे ते अर्धा तास समजावले. त्यांनी मान डोलावली. पटले असावे.

सात सप्टेंबरला मंडळाच्या गणेशोत्सवात समारोपाचे व्याख्यान माझे. दरवर्षी माझेच असते. यंदा विषय 'इंदूरवर झालेला अन्याय'. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि ही मंडळी पोहे-जिलेबी खात बसली! यांना जागे करणारा दुसरा माणूस या शहरात नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. दणकून. घसा हे माझे शस्त्र आहे. चिमूटभर तंबाखूही, पण डाव्या बाजूला.

२२ ऑगस्ट

दुखणे कानात गेले. डोळ्यात गेले. आज मानेत उतरले. डाव्या बाजूने जेवताना शेव उजव्या बाजूला जाऊन नेमकी भोकात बसली. रतलामी होती. ब्रह्मांड आठवले.

सौ.ने विचारले की अहो, चूळ नव्हती ना भरायची? मी म्हणालो की चूळ भरलीच नाही, गुळणी केली. ती काही बोलली नाही. तिचे हे न बोलणे मला आवडत नाही. मुद्दा असेल तर माणसाने मांडावा.

२३ ऑगस्ट

रेगे म्हणतात, गाठ निघून गेली, हाड उघडे पडले. म्हणजे त्यांच्याच हातून काहीतरी राहिले. लवंगेच्या तेलात भिजवलेली कापडाची लांब पट्टी भोकात ठासून भरली. वास असा की टांगेवाल्याने घोडा सोडून माझ्याकडे वळून पाहिले.

हुकूम: जखम भरेपर्यंत तोंडातून शब्द नाही. नाहीतर जबड्यात पू होईल. मी काही सांगणार तेवढ्यात सौ.ने त्यांचे आभार मानले. रस्ताभर तिचे डोळे चमकत होते. बिचारी रडू आवरत असणार.

२५ ऑगस्ट

सुचले! काल दिवसभर मुलांच्या पाटीवर 'चहा', 'पाणी', 'दार लावा' लिहून जीव विटला होता. पहाटे एकदम सुचले. इंदूरला न्याय मिळेपर्यंत मी मौन धरले आहे असे जाहीर करायचे! दाढेचा उल्लेख कुठेही नाही. मग सात तारखेला, सभा भरलेली असताना, मौन तोडायचे. अडीच तास. हे कोणाला सांगायचे नाही. बॉम्ब टाकणारा आधी कार्ड पाठवत नाही.

मंडळाचे सेक्रेटरी कृष्णराव यांना बोलावून पाटीवर संकल्प लिहून दाखवला. कृष्णरावांनी पाटी जवळ ओढून वाचली. दोनदा विचारले, नक्की ना अप्पासाहेब? सात तारखेलासुद्धा? मी डोळे मिटून मान डोलावली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. इतकी वर्षे हा माणूस मला कोरडा वाटत होता.

३० ऑगस्ट

काल मंडळात गणपती बसला. लाउडस्पीकरवरून माझ्या मौनाची घोषणा झाली. टाळ्या थांबेनात! इतक्या टाळ्या माझ्या भाषणालाही कधी पडल्या नव्हत्या. अर्थात भाषणात लोक विचारात बुडालेले असतात.

सूज गालावर टेनिस बॉलएवढी. कृष्णराव म्हणाले, त्याने चेहऱ्याला त्यागाची कळा आली आहे.

१ सप्टेंबर

रोज संध्याकाळी मला व्यासपीठावर खुर्चीत बसवतात, गळ्यात हार. सांवेर, बेटमा अशा बाहेरगावांहूनसुद्धा लोक आले. पहिल्या दोन रांगा मोकळ्या ठेवतात. आदराने अंतर. माझ्या जवळ आले की बायका पदर नाकाला लावतात. त्यांना गहिवरून येते.

शेजारचे नाना मिलमध्ये क्लार्क आहेत, वाचन शून्य. पाया पडून म्हणाले की अप्पा भिया, सच बोलू का, अपने मोहल्ल्यात पहिल्यांदा एवढी शांती आहे, बाप्पा पावला. साध्या माणसालाही मौनातली आध्यात्मिक शक्ती कळते ती अशी.

३ सप्टेंबर

सौ. स्वयंपाक करताना गाणी म्हणते. लग्नानंतर प्रथमच ऐकले. दुपारी शेजारच्या सरलावहिनी आणि आणखी चौघी येऊन बसल्या, हसण्याचा आवाज चौकापर्यंत. पूर्वी यायच्या तेव्हा मी त्यांना जगाच्या राजकारणाची ओळख करून द्यायचो, मग त्या लवकर उठायच्या. आता नवऱ्याच्या दुखण्याचे दुःख ती अशी हसून लपवते.

पाटीवर 'भूक' लिहून दाखवली. ती पाठमोरी होती. बराच वेळ पाठमोरीच राहिली.

५ सप्टेंबर

दुखणे गेले. तोंड दोन बोटे उघडते. उद्या पट्टी काढायला बोलावले आहे, पण उद्या तालीम. पट्टी काय, नंतरही निघेल.

कृष्णराव येऊन सांगून गेले की समारोपाला कॉलेजातले एक प्रोफेसर वीस मिनिटे बोलतील, आपण नुसते बसायचे. हाच तो प्रोफेसर! गेल्या वर्षी याचे भाषण लांबले तेव्हा मीच कृष्णरावांना खूण करून आरती सुरू करायला लावली होती. आरती सुरू झाली की ब्रह्मदेवालाही बोलता येत नाही, उभे राहून टाळ्या वाजवाव्या लागतात. प्रोफेसर वाक्य अर्धे टाकून टाळ्या वाजवत होता. काय चेहरा झाला होता त्याचा! आठवून आजही हसलो. गाल दुखला.

७ सप्टेंबर, दुपार

गच्चीवर पुन्हा तालीम. कबुतरे उडाली. आवाज पूर्वीपेक्षा खोल आला आहे. आज इंदूर हादरणार.

८ सप्टेंबर, सकाळ

घडले ते लिहितो. वक्त्याने स्वतःशी प्रामाणिक असावे.

मांडव तुडुंब. प्रोफेसर वीस मिनिटांत आटोपला. मी उठलो आणि माइक हातात घेतला. म्हणालो, "बंधुभगिनींनो!" सगळीकडे अशी शांतता पसरली, की जणू कोणाच्या घरून तार आली आहे. बायकांच्या बाजूला सौ. दिसली. तिने डोळे मिटून घेतले होते.

मी सांगितले की मौन सुटले आहे. मागून कोणीतरी ओरडले, "भिया, राजधानी वापस आली का?" मांडव हसला. मी दुर्लक्ष करून मल्हाररावांपासून सुरुवात केली. मुद्दा तिथूनच सुरू होतो. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगा चपला शोधू लागल्या. मग मी आवाज चढवला आणि 'धिक्कार' म्हणालो. तो 'धि' मनासारखा निघाला. त्याच्याबरोबर पट्टीही निघाली.

ती लांब, पिवळी पट्टी कृष्णरावांच्या हातातल्या पंचखाद्याच्या ताटात पडली. त्यांनी ताटाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग शांतपणे ताट खाली ठेवले आणि घंटा उचलली.

आरती इतक्या जोरात कधी झाली नव्हती. सगळा मांडव गात होता, रस्त्यावरचे लोकही. प्रोफेसर माझ्या शेजारी उभा होता, टाळ्या वाजवत, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

मीही टाळ्या वाजवल्या. आरतीला उभे राहून हात बांधणे बरे दिसत नाही.

येताना टांग्यात सौ. शेजारी होती. घराशी उतरताना एवढेच म्हणाली की पंधरा दिवस किती लवकर गेले, नाही?

९ सप्टेंबर

कृष्णराव येऊन गेले. काल विसर्जनाच्या आधी मंडळाची बैठक झाली. मला आमंत्रण द्यायचे राहिले. एकमताने ठराव झाला की पुढल्या वर्षीपासून समारोपाला प्रोफेसरांचे व्याख्यान आणि 'अप्पासाहेबांचे मौन', व्यासपीठावर, हारासह. माझा नकार असल्यास तोंडी कळवू नये, असे नाना म्हणाले आणि बैठक हसली, हेही कृष्णरावांनी सांगितले. ते स्वतः हसले नाहीत. त्यांना घाई होती.

मी विचार करून सांगतो म्हणणार होतो. सौ.ने आतूनच होकार दिला.

जखम पूर्ण भरली आहे. जीभ लावून पाहिली, जागा गुळगुळीत. तोंड तीन बोटे उघडते. आता काहीही बोलता येईल.

दुपारी सौ.ने चहा आणला. बशीशेजारी पाटी ठेवली. स्वच्छ पुसलेली, वर नवी पेन्सिल, टोक केलेली. कप माझ्याकडे सरकवला. आत गेली आणि कालचेच गाणे सुरू झाले, पण हळू. मी काय करतो ते ऐकत असल्यासारखे.

चहाचा एक घोट घेतला.

मग लिहिले: साखर कमी आहे.