कोळशाच्या डब्याशिवाय

९ सप्टेंबर, मंगळवार

डबा काढला एकदाचा! कॅम्प दोनमध्ये बबनच्या गॅरेजवर सगळी सकाळ गेली. बॉनेटखाली कोपऱ्यात नारळाएवढा काळा डबा, आत कोळसा. टाकीतल्या पेट्रोलची वाफ त्यात अडते आणि गाडी चालू झाली की इंजिनात जाऊन जळते. आमच्या डब्याला तडा गेलेला, कोळशाची भुकटी पाइपात. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मस्कतहून कोरोला आणली त्याला चाळीस वर्षं झाली. आता तिचा डबा कुठे मिळणार? बबन म्हणाला, "काका, काढून टाकू. पाइपला बूच मारतो. गाडी एकदम मख्खन चालेल."

चालली! बदलापूरपर्यंत कुरकुर नाही. दादा असता तर खूश झाला असता.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सोनिवलीच्या रस्त्यावर बंद पडली. टाकीचं झाकण फिरवलं तर फुस्स — हवा आत ओढली गेली. मग लगेच चालू. बबनला फोन केला. "बूच फारच फिट बसलं, काका. टाकीला श्वास घेता येत नाही. बूच काढा, पाइप उघडाच ठेवा. पण वास येईल हां. बंद जागेत लावू नका."

बूच काढलं. पण गाडी मग कुठे लावू? रस्त्यावर? दादाची गाडी उन्हापावसात नाही राहणार. घराखालच्या गॅरेजात, शटरच्या आतच राहील.

१५ सप्टेंबर, सोमवार

चैत्राली आली बाळंतपणाला. लेक माहेरी आली म्हणून हौसेने गाडी घेऊन आणायला गेलो. ती घर येईपर्यंत खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली. "बाबा, पेट्रोलचा किती वास येतोय!" तिच्या आईने, पद्मजानेही पदर नाकाला लावला.

मला काही नाही. अशा दिवसांत बाईला कशाचाही वास येतो. आणि पद्मजाला ही गाडी कधीच आवडली नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चैत्रालीला अंबरनाथला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत दोनदा गाडी थांबवली, तिला उलट्या. परत येताना म्हणाली, "मी आणि आई रिक्षाने येतो." मी एकटाच आलो.

संध्याकाळी बोललोच. केमिकल कंपनीत जन्म गेला माझा. व्हॉल्व्ह कुठे गळतोय ते यंत्राच्या आधी मी सांगायचो. "साहेबांचं नाक आलं" म्हणायचे लोक! वास नाही म्हटलं म्हणजे नाही.

पद्मजा म्हणाली, "अहो, तुमच्या नाकाचं सोडा. तिच्या पोटात बाळ आहे."

जेवताना टीव्ही चालू होता, बघत कोणीच नव्हतं.

२४ सप्टेंबर

गॅरेजच्या वरची खोली चैत्रालीने सोडली. आता हॉलमध्ये झोपते.

२८ सप्टेंबर, रविवार

पद्मजा चैत्रालीला घेऊन शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, मी एकटाच जेवायला बसलो. आल्या आल्या ओरडली, "आमटी करपली की! घरभर वास सुटलाय, आणि तुम्ही खाताय?" मला तर चांगली लागली होती. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पातेलं घासायला गेली.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. टाकी काठोकाठ भरली. चैत्रालीला म्हटलं, पूजा झाली की काचा खाली करून एक चक्कर मारू. "नको बाबा." ठीक आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

लिहायचंच नव्हतं. पण लिहितो.

सकाळी गाडी धुतली. नंतर दुपारपर्यंत शटर बंद होतं. ऑक्टोबरचं ऊन, आत भट्टी झालेली. एकटाच आत गेलो. झेंडूचा हार बॉनेटवर घातला, कुंकू लावलं. पायाखाली फरशी ओली होती. सकाळचं पाणी असेल, दुसरं काय! ताटलीत कापूर ठेवला आणि काडेपेटी हातात घेतली.

पद्मजा नैवेद्य घेऊन आली आणि दारातच किंचाळली. असा तिचा आवाज मी कधी ऐकला नाही. वाटी तिथेच पडली. धावत येऊन तिने काडेपेटी हिसकावली, मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "पेट्रोल आहे ते! खाली सगळं पेट्रोल आहे!"

काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पेट्रोल उन्हाने फुगलं आणि उघड्या पाइपातून धो धो खाली आलं. मी त्याच्यात उभा होतो. चपला भिजलेल्या.

चैत्राली अंगणात आली होती, दोन्ही हात पोटाला धरून. माझ्याकडे बघितलंही नाही तिने.

काडी ओढली असती तर — वर घर, घरात लेक.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पद्मजाने स्वयंपाकघरात समोर बसवलं. "डोळे मिटा." नाकाशी काहीतरी धरलं. "काय आहे?" माहीत नाही. दुसरं? माहीत नाही. तिसरं?

डोळे उघडले. ओट्यावर हिंगाची डबी, कापूर, डोकेदुखीच्या मलमाची बाटली.

कधीपासून? मला सांगता येईना. आपल्याला वास येत नाही हे माणसाला कळत कसं नाही?

"करोनात गेला असेल," मी म्हटलं. ती म्हणाली, "असेल."

८ ऑक्टोबर, बुधवार

बबनने भंगारातल्या एका जपानी गाडीचा डबा आणून बसवला. "काका, तुम्हाला बोललो होतो, बंद जागेत नको." बोलला होता खरा. मान खाली घालून ऐकलं.

चैत्राली स्वतःहून गाडीत येऊन बसली. काच वर केली. "बाबा, आता अजिबात वास नाही." तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसरं काय करणार? तिने माझा हात हातात घेतला तेव्हा रडू आलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाक-कान-घशाचे डॉक्टर. दुर्बीण घालून बघितलं. "नाक अगदी स्वच्छ आहे हो." मी हसलो. ते हसले नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. नाकासाठी मेंदूवाला! पद्मजाला म्हटलं, ह्यांचे धंदे आहेत सगळे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नवीन डॉक्टरांनी नाकात बघितलंच नाही. म्हणाले, "दारापर्यंत चालून दाखवा." गेलो, आलो. "पुन्हा." वळलो तर पद्मजाचा चेहरा पांढरा पडलेला. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. मीही बघितलं. उजवा हात पुढेमागे झुलत होता, डावा बाजूला नुसता लटकलेला. मी हलवतच नव्हतो.

पार्किन्सन म्हणतात त्याला. वास सगळ्यात आधी जातो म्हणे.