हाडाचं इंजेक्शन

२ सप्टेंबर
माफ कर, वही. लिहायला फार उशीर झाला. सगळा उन्हाळा कोरा गेला. गुडघे दुखत होते. माल्सून म्हणते, "म्हातारबा, गुडघ्यांनी लिहिता का?" बायकोला काय कळतं.

तिला नवं मूत्रपिंड बसवलंय. ते टिकावं म्हणून अंगाची लढायची ताकद गोळ्यांनी दाबून ठेवतात. त्यामुळे लस तिला लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले, घरातल्या माणसांची लस हीच तिची ढाल. घरातली माणसं म्हणजे मी.

म्हणून सत्तरीपुढच्यांच्या नव्या कोविड लसीच्या चाचणीत नाव घातलं. तिथल्या बोंग सिस्टरने समजावलं. एमआरएनए लस म्हणजे शरीराला धाडलेली चिठ्ठी. तरुण शरीर ती वाचून फौज उभी करतं. म्हातारं शरीर वाचतं आणि कुशीवर वळतं. नव्या लसीत त्याला गदागदा हलवणारं काहीतरी जास्तीचं घातलंय.

स्टेरॉइड घेता का, असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं. ठणकावून नाही म्हटलं. गुडघ्यात घेतो ते हाडाचं इंजेक्शन. आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे घेतात. ते काय औषध आहे?

८ सप्टेंबर
लस घेतली. ताप नाही. दंडसुद्धा दुखत नाही. मंडळातला दोस्त छूही या चाचणीत आहे; त्याला सणसणून ताप आला होता. बढती मिळाल्यासारखा मिरवतोय. मला म्हणाला, "तुझी फौज जेवायला गेली असेल."
संकल्प: रोज टेकडी. रोज लाल जिनसेंगची मुळी. सोजू बंद, दारूचा थेंबसुद्धा नाही. म्हाताऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत पत्ते बंद.

१५ सप्टेंबर
टेकडी चढलो. उतरताना गुडघ्यांनी दगा दिला. बाजारातल्या हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन दोन्हीकडे टोचून घेतलं. त्याचा जिना पोरासारखा उतरलो. प्रतिकारशक्ती वाढल्याची याहून मोठी खूण कोणती?
सोजू एकच पेला. आनंदाचा.

६ ऑक्टोबर
फौज किती उठली, त्याचा रक्ताचा रिपोर्ट. बोंग सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे फार सामसूम आहे हो." नोव्हेंबरात दुसरा डोस. तोवर गर्दीत जायचं नाही, आजींना जपायचं. आणखी काही घेता का? जिनसेंग, म्हटलं. ती हसली नाही.
यंत्र तरुणांच्या रक्तावर बेतलेलं असणार.

१९ ऑक्टोबर
मंडळात गेलो. नाइलाज होता. छू खिडकीखालून ओरडला, "बायकोने कोंडलंय काय रे?" सगळ्या गल्लीने ऐकलं. मास्क लावूनच बसलो होतो. चहाला काढला. मग छूला टोमणे नीट ऐकू जावेत म्हणून खालीच राहू दिला.

९ नोव्हेंबर, सकाळ
दुसरा डोस. परवा वर्षाची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायची आहे. शेजारणी जमणार. माल्सूनला गर्दीत उतरू देणार नाही. कोबी मीच धुणार. दिवसभर उकिडवं बसायचं म्हणून कालच गुडघ्यांत घेऊन ठेवलं. पूर्वतयारी म्हणतात ती ही.

११ नोव्हेंबर
अंगणभर कोबी. माल्सूनचे बंद खिडकीआडून हुकूम: "मीठ, अहो, मीठ! भिंत लिंपताय का?" शेजारणी हसून बेजार. मी उकिडवा, ताठ. तिला वारासुद्धा लागू दिला नाही. आता मी किल्ला आहे.

१६ नोव्हेंबर
किल्ल्याने बाहेर पडायला हरकत नाही. मंडळात गेलो. छू खोकत होता. गारठा, म्हणाला. गारठाच.

१९ नोव्हेंबर
घसा खवखवतोय. उपाय: मिरचीची पूड. कोविड तपासायचा किट कपाटात आहे, पण किल्ल्याला किट कशाला? उगाच ती घाबरेल. माल्सूनने विचारलं, "खोकताय का हो?" म्हटलं, ठसका. रात्री एकाच भांड्यातून सूप घेतलं, नेहमीसारखं. मासळीचा तुकडा तिने माझ्याकडे सरकवला. मी परत तिच्याकडे.

२२ नोव्हेंबर
माल्सूनला ताप. फार नाही. ती म्हणते, अंगात कोणीतरी कोबी पिळतंय. म्हटलं, थंडी बाधली. मोजे घातले तिला. श्वास जरा वाजतोय.

२३ नोव्हेंबर
तिला दवाखान्याच्या गाडीतून नेलं. दोघांनाही कोविड. मला घरीच राहायला सांगितलं. चढताना म्हणाली, "भात कुकरात आहे. आधी जेवून घ्या."
संध्याकाळी बोंग सिस्टरचा फोन. दुसऱ्या रिपोर्टातही सामसूम. खरं सांगा आजोबा, काय घेता? छूसुद्धा घेतो, असं म्हणून हाडाच्या इंजेक्शनचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यात स्टेरॉइडच असतं. आम्ही फौज उठवतो, ते झोपवतं."
मी म्हटलं, पोरी, गुडघा कुठे, रक्त कुठे. तिने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर
छूला फोनवर विचारलं. तो कबूल करतो, डोस होते तेवढे महिने त्याने इंजेक्शन घेतलं नव्हतं. सिस्टर नको म्हणाली होती म्हणे. मला नाही सांगितलंस? "तू विचारलंस कुठे? तू तर किल्ला!"
छूचा खोकला गेला.

२६ नोव्हेंबर, दुपार
काल तिला आतल्या खोलीत हलवलं. नळी घातलीय. भेट नाही. काचेतूनही नाही. वॉर्डातला फोन उचलणारी म्हणते, काही असलं तर आम्हीच कळवू. काही म्हणजे काय, ते सांगत नाही.
माझा घसा साफ बरा. खणखणीत.
आज संकल्प नाही.
माल्सून, तुझ्या फोनवर लिहून पाठवलंय. कोणी तुझ्या हाताशी धरला तर बघ. बोलू नकोस, दम लागेल. नुसतं 'हं' टाक. रागावून टाकलंस तरी चालेल. पण लवकर टाक.