बाईसाहेब चौथ्या कलमात नापास

ती. ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार (पायापर्यंत वाकलो असं समज, गुडघ्याची परवानगी नाही). तुझा दमा आणि भाऊजींची दाढ कशी आहे ते कळव. ही गेली त्याला परवा आठ महिने झाले. बाकी ठीक.

आता नातीबद्दल. घरात तिला बाईसाहेब म्हणतात. सहा महिन्यांची झाली आणि लेक कामावर रुजू झाली, तेव्हापासून दिवसभर बाईसाहेब माझ्या घरी, माझ्या ताब्यात असतात (खरं तर मी त्यांच्या). वरचं अन्न कधी सुरू करायचं, हे हिने नुसतं बघून सांगितलं असतं. मला तशी नजर नाही. बत्तीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या चार खुणांचा तक्ता करून भिंतीवर लावला. मान ताठ धरणं: पास. आधाराने बसणं: पास (एकदा उशीसकट कलंडल्या, पण ती चूक उशीची). चमचा जिभेने बाहेर न ढकलणं: पास. चौथी खूण, कुणी जेवत असताना घासाकडे बघून हात पुढे करणं. त्यात रोज नापास. एक कलम नापास असलं तर मी इमारतीच्या मालकाच्या सासऱ्यालाही लिफ्टमध्ये पाऊल ठेवू दिलं नव्हतं. नातीला सूट कशी देणार?

असे तीन आठवडे गेले आणि बाईसाहेबांचं वजन जागचं हलेना. लेक घाबरली. दवाखान्यात मी तक्ता पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "आजोबा, घरात हिच्यासमोर जेवतं कोण?"

लेक-जावई त्यांच्या घरी जेवतात ते ती झोपल्यावर. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी वजनकाट्याकडे.

"बाबा, तुम्ही दुपारी करून खाता ना?"

"खातो की."

"काय?"

"चहा."

(सोबत बिस्किट असतं, मोरीपाशी उभ्याने. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.)

दुसऱ्या दिवशी बटाटा उकडून कुस्करला. माझ्या वाट्याला मीठ घातलं, तिच्या नाही. खुर्ची ओढून टेबलाशी बसलो, आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी घास घेतला आणि बाईसाहेब एकदम थांबल्या. मी तोंड उघडलं की त्यांचंही उघडायचं. ताई, हे तिला कोणी शिकवलं गं? मग तिने माझं मनगटच धरलं. चमच्याच्या टोकावर जरासा बटाटा दिला. बराच वेळ विचार झाला, आणि मग त्या एवढ्याशा गळ्यात काहीतरी वर गेलं, खाली आलं. वीस-वीस मजल्यांचे दोर मी वरून वाकून पाहिलेत, पण टेबलाची कड घट्ट धरली ती काल. तिने बघत राहावं म्हणून मी ताटातलं सगळं संपवलं. चव लागली.

तुझा,
धाकटा

ता. क. आजवरच्या प्रत्येक पत्रात 'जेवण वेळेवर होतं' असं लिहिलं, ते खोटं होतं.

ता. क. २. तिला काय काय द्यायचं त्याची यादी मिळाली आहे. माझ्यासाठी काय करायचं ते तू लिहून पाठव. सोपंच सांग, आणि माप एका माणसाचं दे. हिने नेहमी दोघांचंच केलं.