पेरुसी उभी राहिली

मित्याना,
२६ जानेवारी १९९४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. तुझ्या लेकीने आपल्या रीतीप्रमाणे पाहुण्यांपुढे गुडघे टेकले नाहीत, असं मी कळवलं होतं. तसं झालं नाही. पेरुसी पाद्रीबाबांपुढे टेकली, शेजारच्या म्हातारीपुढेही टेकली. फक्त एरिसा मास्तरांपुढे ताठ उभी राहिली. मग मीच खांदा दाबून तिला खाली बसवलं. हे लिहायचं मी टाळलं होतं.

तू मला केळीच्या पानावर काडीने अक्षरं शिकवलीस, तेव्हा जे पाहिलं तेच लिहावं असं बजावलं होतंस. म्हणून हेही लिहिते : मास्तरांनी तिच्यासाठी नवे बूट आणलेत आणि ती अनवाणी फिरते. त्यांच्याकडे गाण्याच्या सरावाचा दिवस आला की तिचं पोट दुखतं. शाळा सुरू झाली की ती त्यांच्याच घरी राहणार, हे तू ठरवलंस. ते थोडं लांबवता येईल का?

वहिनी बरी आहे. कॉफी वाळत घातली आहे. राग मानू नकोस.

तुझी,
नाबुकेन्या


कासेसे,
३० जानेवारी १९९४

चि. नाबुकेन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोंबडीने अंडं द्यायला उशीर केला तरी तुझी झोप उडते, हे मी लहानपणापासून बघतोय. एरिसा आणि मी एका ताटात जेवलोय. त्याच्या घरापासून शाळा दोन पावलांवर, आणि आपल्या घरून रोजची पायपीट. नऊ वर्षांची पोर रुसली म्हणून मी मित्राला काय तोंड दाखवू? सोमवारी सात तारखेला तो तिला न्यायला येईल.

आपल्यात आईने ज्या गोष्टी मुलीशी बोलू नयेत, त्या आत्याने बोलायच्या असतात. तू आत्याचं काम कर. तिला समजाव, वळण लाव.

वहिनीला सांग, साखर पाठवतो. तब्येत सांभाळ.

तुझा,
दादा


मित्याना,
४ फेब्रुवारी १९९४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं आत्याचं काम केलं. दोघी केळी सोलत बसलो होतो. तिला म्हटलं, खांदा दाबला ते माझं चुकलं. तिने हातातलं केळं सोलून संपवलं. मग तिने विचारलं, मास्तरांच्या घरी तिच्या खोलीला आतून कडी असेल का.

नंतर ती आपणहून बोलली. सराव संपल्यावर ते तिला एकटीला थांबवतात. नको तिथे हात लावतात. हे आपलं गुपित म्हणतात, आणि सांगितलंस तर बाबांची मैत्री तुटेल म्हणतात. मी मध्ये शब्द घातला नाही, खोदून विचारलं नाही. तिने सांगितलं तसंच वहीत उतरवलं आहे. कुणाला सांगणार नाही असं वचन तिने मागितलं, ते मी दिलं नाही. जे तुला जपतील त्यांनाच सांगेन, म्हटलं. चूक तुझी नाही, हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने मान वर केली.

वहिनी आधी म्हणाली की कुळातल्या वडीलधाऱ्यांना बसवून घरातच मिटवू, पोरीचं नाव गावभर नको. मी म्हटलं, गाण्याच्या वर्गात आणखी अकरा मुली आहेत. वहिनी बराच वेळ रडली. मग उठली, पेरुसीची भरून ठेवलेली पत्र्याची पेटी उघडली आणि एकेक कपडा परत दांडीवर टाकला. बूट तेवढे पेटीतच राहू दिले, पोलिसांना दाखवायला.

तू मैत्री गमावशील, हे मला कळतं. पण तुझी लेक ती मैत्री वाचवायला इतके दिवस गप्प बसली, हे तुलाही कळू दे. पत्र बसवाल्याच्या हाती देते आहे. मिळताच निघ. ती तुझी वाट बघते आहे आणि तू रागावशील म्हणून घाबरलीही आहे.

तुझी माया आजवर होती, पुढेही असावी. नसली तरी थांबणार नाही. मास्तर सोमवारी येतील. त्याआधी वहिनी, पेरुसी आणि मी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे आणि तिथून पोलीस चौकीत जाणार आहोत.

तुझी,
नाबुकेन्या

ता. क. दिवस लिहायचा राहिला. उद्या, शनिवार, ५ फेब्रुवारी.