मार साठवणारं कासव

परदेशीपुरा, इंदूर
२४ मार्च २००३

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. कालच फोनवर बोललो आणि आज लगेच पत्र, म्हणून तुला नवल वाटेल. पण पीसीओच्या काचेबाहेर बाबा उभे असतात आणि आत सगळं बोलता येत नाही. आज दुपारी कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहिते आहे. घरी कुणालाच माहीत नाही. हे पत्र एकट्याने वाच आणि मध्येच ठेवून देऊ नकोस.

काल तू विचारलंस, बाबा दिवसभर करतात तरी काय, आणि मी 'टाइमपास' म्हणून उडवून लावलं. खरं म्हणजे ते गेम खेळतात. तोच हातातला गेम, जो मल्हारगंजच्या तुझ्या दुकानात कुणीतरी बिघडला म्हणून टाकून गेलं होतं आणि तू आठवडाभर खटपट करून चालू केला होतास. तू पुण्याला गेलास तेव्हा तो कपाटावर पडून होता. मागच्या पावसाळ्यात बाबांना घरात बसवेना. मिल बंद, गेटवरचा पहारा उठलेला, त्यांचे मित्र वासुदेवकाका वारलेले. पेपर वाचून झाला की भिंतीकडे बघत बसायचे. एक दिवस मीच तो गेम त्यांच्या हातात दिला. म्हटलं, बाबा, हे राक्षस आहेत, एकमेकांशी लढतात. एकदा आपली पाळी, एकदा त्याची. आपला एक राक्षस पडला की थैलीतला दुसरा काढायचा. पडण्याआधीही बदलता येतो. तीस वर्षं कापडमिलच्या साचेखात्यात चार-चार माग एका वेळी सांभाळलेला माणूस, चार दिवसांत त्यांची बोटं बसली. पडद्यावरचं इंग्रजी मी वाचून सांगायची.

तुला ते दगडी पाठीचं कासव आठवतं? तू त्याला फालतू म्हणायचास. बाबांना मात्र तेच आवडलं. त्याची ती एक चाल होती ना, मार खाऊन गप्प राहण्याची. मी बाबांना तू शिकवलं होतंस तसंच समजावलं. ही चाल एकदा लावली की दोन पाळ्या कासव काहीच करत नाही. आपण बटणं दाबून उपयोग नाही, आपल्याला हुकूमच देता येत नाही, त्याला परत थैलीत बोलावताही येत नाही. समोरचा मारत राहतो, ते खात राहतं. पण जितका मार बसला तेवढा सगळा आत जमा होतो आणि तिसऱ्या पाळीला दुप्पट होऊन बाहेर येतो. तो वार चुकत नाही. समोरचा आगीचा असो, पाण्याचा असो, काही फरक पडत नाही. फक्त दोन गोष्टींनी ही चाल वाया जाते. मधल्या काळात कासवच आडवं झालं तर सगळं बुडालं. आणि समोरच्याने ओळखून मारणंच थांबवलं, तर परत द्यायला काही उरत नाही. तेव्हा बाबा हसले होते. म्हणाले, "बेटा, दोन पाळ्या मार कोण खातं? आपण तर पहिल्याच झापडीला उभे राहायचो." त्यांचं ते हसू मला आता रोज आठवतं.

मागच्या वर्षीच्या चौदा एप्रिलबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. आज मी बोलणार आहे. मिलचा भोंगा थांबून वर्ष होत आलं होतं. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत एकही साचा बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून आपली माणसं पाळीपाळीने गेटवर बसत होती. ऊन असो, थंडी असो, दहा-बारा जण कायम. जयंतीच्या आदल्या आठवड्यात तूच बाबांना म्हणालास, यंदा सगळे महूला चला, मी मेटाडोरची व्यवस्था केली आहे, बायकापोरं सगळी बसतील. बाबा नाही म्हणत होते. गेटवर कोण बसणार? तेव्हा वासुदेवकाका म्हणाले होते, "अरे बाबूराव, तुमच्या बाबासाहेबांची जयंती आहे, जा. मी बसतो ना. दिवसाढवळ्या कोण येतंय साचे न्यायला?" सकाळी पोहे खाऊन आम्ही निघालो. तू आला नाहीस. दुकानात काम आहे म्हणालास. महूला एवढी गर्दी होती की मी आईचा हात सुटू नये म्हणून पदर धरून चालत होते. निळे झेंडे, ढोल, जिकडेतिकडे जेवणाच्या पंगती. बाबा किती खूश होते त्या दिवशी! भेटेल त्याला सांगत होते, माझ्या सुगतने आणलं आम्हाला.

आम्ही परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. गेटची एक झडप निखळून लटकत होती. आत साचेखात्यात जमिनीवर फक्त तेलाचे काळे चौकोन उरले होते. दुपारी बाराच्या सुमारास ट्रक आले. वासुदेवकाका एकटेच झडप धरून उभे राहिले. ट्रक मागे आला आणि ते झडप आणि भिंत यांच्यामध्ये सापडले. चहावाल्याने त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी अपघात लिहिला आणि कागद मिटवला. त्यांच्या तिरडीला तू खांदा दिला होतास, दादा. बाबांच्या पुढे, उजव्या बाजूला.

महिनाभरात तुला पुण्याला नोकरी लागली. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. सरोजिनीकाकूंकडे जावं की नाही, म्हणून आई अडखळत होती, त्यांना वैधव्य येऊन दीड महिनाही झाला नव्हता. बाबा म्हणाले, वासुदेव असता तर त्यानेच पहिला पेढा खाल्ला असता. ते स्वतः गेले आणि काकूंच्या हातावर पेढा ठेवला. काकूंनी तो खाल्लासुद्धा. वर म्हणाल्या, सुगतचं कल्याण होवो.

जानेवारीत बाबा आणि आई खजरान्याजवळ एका लग्नाला गेले होते. मी सोबत होते. मांडवाबाहेर वऱ्हाडाची गाडी घेऊन सांवेरचा पंढरीनाथ ड्रायव्हर उभा होता, आम्हाला महूला नेणारा. त्याने बाबांना ओळखलं, चहा पाजला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. सहज म्हणाला, "भिया, उस दिन तो बहोत बुरा हुआ. और मेरे को तो आपके सुगत ने ही बोला था, पाच के पहले वापस मत लाना, चाहे गाडी खराब बता देना." बाबांनी विचारलं, गाडी कुणाची होती? तो म्हणाला, जो ठेकेदार मिलचे साचे उचलणार होता, त्याचीच. आपको मालूम नहीं? बाबांनी चहा पूर्ण प्याला. पेला विसळून परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझं व्हिजिटिंग कार्ड माझ्यापुढे ठेवलं. ऑक्टोबरात आलास तेव्हा शर्टासोबत दिलं होतंस ना, ते. म्हणाले, यावर कंपनीचं नाव काय आहे, वाच. मी वाचलं. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्या दिवशी चहावाल्याने ट्रकच्या फाळक्यावरचं नाव उतरवून ठेवलं होतं, तोच कागद. म्हणाले, आता हे वाच. दादा, दोन्ही नावं एकच होती. मला खोटं वाचता आलं असतं. बाबांना इंग्रजी कुठे येतं? पण मी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि त्यांना त्यातच उत्तर मिळालं.

मला वाटलं होतं, ते ओरडतील. तुला फोनवर जाब विचारतील. त्यांचा राग तुला माहीत आहे, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, एका बाईला शिवी दिली म्हणून भर खात्यात त्याची कॉलर धरणारा माणूस. पण काही नाही. दर रविवारी तू फोन करतोस आणि ते शांतपणे ऐकतात. तू म्हणतोस, बाबा, त्या भंगाराच्या मागे किती वर्षं घालवलीत, मी आधीच सांगत होतो. ते म्हणतात, हो. तू म्हणतोस, वासुदेवकाकांनी उगाच हट्ट केला. ते म्हणतात, बरं. मागच्या महिन्यात तू म्हणालास, जुनी माणसं बदलत नाहीत, म्हणून अशी मरतात. मी रिसीव्हरला कान लावून होते, मी ऐकलं. बाबा म्हणाले, "तब्येत सांभाळ." बाहेर येऊन त्यांनी मला उसाचा रस पाजला. तू दिलेला शर्ट घालतात. आईशी मऊ बोलतात, इतकं मऊ की आई घाबरते. मला म्हणाली, हे कुणी दुसरंच माणूस घरात आलंय गं.

आणि ते गेम खेळतात. फक्त ते कासव, फक्त ती एक चाल. पण त्यात एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी मला जवळ बोलावून विचारलं, बेटा, कासवाला लक्षात राहतं का, कुणी मारलं ते? मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, बघू या. मग आम्ही मुद्दाम करून बघितलं. समोरच्या लांडग्याने दोनदा मारलं, मग गेममधल्या समोरच्या खेळाडूने लांडगा काढून घेतला आणि त्याच्या जागी एक छोटं पाखरू आणलं. त्या पाखराने काहीच केलं नव्हतं. कासव उठलं आणि सगळं दुप्पट त्या पाखरावर. एका वारात आडवं. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तसंच. कुणी मारलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्या घडीला जो समोर असेल, त्याच्यावर. बाबांनी गेम बंद केला आणि म्हणाले, "मतलब समोर तोच पाहिजे." त्या दिवसापासून त्यांनी गेमला हात लावलेला नाही.

यंदा गेटवरची माणसं महूला जाणार नाहीत. चौदा तारखेला दुपारी बारा वाजता गेटसमोर वासुदेवकाकांची आठवण म्हणून सभा आहे. सगळे येणार, चारशे-पाचशे माणसं. काकूंना पुढे बसवणार आहेत. त्यांचा विष्णू पीथमपूरहून येणार. त्याला अजून काही माहीत नाही. बापाची चप्पल अजून त्याने दारातून हलवलेली नाही, एवढं तुला सांगते. सभेत बोलणाऱ्यांत शेवटचं नाव बाबांचं आहे. त्यांनी स्वतः मागून घेतलं, जे आयुष्यात कधी माईकसमोर उभे राहिले नाहीत. मी विचारलं, काय बोलणार? म्हणाले, जास्त काही नाही, एकाची ओळख करून द्यायची आहे.

मी तुझ्या बाजूची आहे असं समजू नकोस. त्या दिवशी सकाळी, आम्ही निघायच्या आधी, मी तुला पीसीओच्या काचेआड बघितलं होतं. तू घड्याळ बघत कुणाला तरी सांगत होतास, पाचपर्यंत. मला वाटलं, दुकानाचं काही असेल. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून वर्षभर सरोजिनीकाकूंच्या दारावरून मान खाली घालून जाते. मी बाबांसाठी लिहिते आहे. त्या गर्दीत तुझं काय होईल ते मला दिसतं, आणि ते बघत उभ्या राहिलेल्या बाबांचं त्यानंतर काय होईल, तेही दिसतं. मिल गेली, मित्र गेला. आपल्या हाताने मुलगा गर्दीत ढकलून ते एक दिवससुद्धा जगायचे नाहीत.

परवा बाबांनी माझ्याकडून तुला एक आंतर्देशीय लिहून घेतलं. ते मजकूर सांगत गेले आणि मी लिहीत गेले, माझ्याच अक्षरात, तुला शंका येऊ नये म्हणून. ते बाबा एप्रिलच्या आठ तारखेला टाकणार आहेत, तोवर फोनवर त्यातलं काही बोलायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. त्यात लिहिलं आहे की आई फार आजारी आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, ती सारखं तुझंच नाव घेते, चौदा तारखेच्या सकाळपर्यंत काहीही करून पोच, बाबा स्टेशनवर घ्यायला येतील. दादा, आईला काही झालेलं नाही. आज सकाळी ती नळावर पाण्यासाठी अर्धा तास भांडली आणि दोन हंडे स्वतः उचलून घरी आणले. यायचंच असेल तर चौदाच्या आत ये, स्टेशनवरून घरी न येता सरळ सरोजिनीकाकूंकडे जा आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने त्यांना सांग. ते जमणार नसेल तर येऊ नकोस, आणि रविवारी फोनही करू नकोस.

तुझीच,
संबोधी